चंदनाच्या तेलाचे अगणित फायदे

चंदनाच्या तेलाने झोप लागते, राग शांत होतो, रक्तदाब ताब्यात येतो, सुरकुत्या पळतात, केस गळायचे थांबतात, एकाग्रता वाढते आणि मूलाधार की कुठलंसं चक्र मोकळं होतं. हे मी म्हणत नाही, माझी वहिनी म्हणते. तिने गुडगावात ह्या विषयाचा रीतसर कोर्स केला आहे, प्रमाणपत्र फ्रेम करून हॉलमध्ये लावलं आहे, आणि तिच्यापुढे कुणी नुसतं शिंकलं तरी पर्समधून तपकिरी बाटली बाहेर येते. एका बाटलीत एवढं सगळं असताना सरकार इस्पितळं कशाला बांधतं, हे मला केंद्र सरकारच्या नोकरीत इतकी वर्षं काढूनही कळलेलं नाही.

तेलाचा पहिला प्रयोग दादावर झाला, रागासाठी. माझा भाऊ मानेसरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मॅनेजर आहे आणि रोज स्वतः गाडी चालवत जातो, त्यामुळे रागाचा तुटवडा नाही. वहिनीने गाडीच्या आरशाला चंदनाच्या तेलात भिजवलेला लाकडी मणी टांगला. दादा पूर्वीच्याच शिव्या पूर्वीच्याच उत्साहाने देत राहिला, फक्त आता त्या देवळात बसून दिल्यासारख्या वाटायच्या. मग एके दिवशी दाढी झाल्यावर त्याने तेल तसंच मानेला चोळलं. ‘थेट लावायचं नाही, बदामाच्या तेलात दोन थेंब घालायचे आणि आधी हाताला थोडं लावून बघायचं,’ असं वहिनीने बजावून ठेवलं होतं. पण दादा सूचना काढणाऱ्यांतला, पाळणाऱ्यांतला नव्हे. नेमके त्या दिवशी कारखान्यात परदेशी पाहुणे होते. लाल मान झाकायला हा दिवसभर मफलर गुंडाळून हिंडला, तेही सप्टेंबरात.

तर ह्या तेलाचा एक उपयोग वहिनीच्या कोर्समध्ये शिकवलेला नव्हता. आईचं घर जाता जाता राहिलं, ते ह्या तेलाच्या नावावर. कसं ते सांगते.

आई गाझियाबादला एकटी राहते. बाबा केंद्रीय मंत्रालयात होते. निवृत्तीच्या आधी त्यांनी तिथे तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला तेव्हा पुण्याच्या तमाम नातेवाइकांनी नाकं मुरडली होती. पण दोघांचं सगळं आयुष्य दिल्लीत गेलेलं. ‘पुण्यात मला भाजीवाला तरी ओळखतो का?’ असं आई विचारायची. बाबा गेल्यावरही ती तिथेच राहिली. मी दिल्लीत सरकारी क्वार्टरमध्ये राहते. दोन खोल्या, त्यांतल्या एकीत सासूबाई आणि माझी मुलगी. त्यामुळे आईला माझ्याकडे ये म्हणायची सोय नव्हती. रविवारी वैशाली स्टेशनपर्यंत मेट्रो आणि पुढे शेअर ऑटो करून मी तिच्याकडे जायचे, एवढंच.

मागच्या दिवाळीनंतर तिला ताप आला. ताप गेला आणि जाताना वास घेऊन गेला. तिने कुणाला पत्ता लागू दिला नाही. गाझियाबादच्या हिवाळ्यात वास न येणं ही तशी चैनच म्हणायची. नाल्याशेजारून सगळे ओढणीने तोंड झाकून जात असताना ही बाई ताठ मानेने, मजेत चालायची. मला वाटायचं, तब्येत सुधारली.

सुधारलेली तब्येत कळली ती दुधामुळे. आईने दूध गॅसवर ठेवलं आणि थंडी म्हणून खोलीचं दार लावून आत मराठी मालिका बघत बसली. दूध उतू गेलं, आटलं, करपलं, पातेल्याचं बूड लाल झालं. जिन्यात धूर बघून वॉचमन धावत वर आला आणि दार बडवायला लागला. “माताजी, आग लग गई क्या?”

“कहाँ?” आईने आतून विचारलं.

वॉचमनने दादाला फोन केला आणि दादाने संध्याकाळी आईच्या हॉलमध्ये मीटिंग घेतली. मीटिंगच म्हणते, कारण निर्णय त्याने गाडीतच घेतलेला होता.

“यार आई, जरा प्रॅक्टिकल हो. उद्या गॅस लीक झाला तर?”

“तर वॉचमन येईल सांगायला.”

“मजाक नको. फ्लॅट भाड्याने देऊ, तू आमच्याकडे चल. बिल्कुल टेन्शन नाही. लिफ्ट आहे, क्लब आहे, सीनियर सिटिझन्सचा योगा आहे.”

दादाचा फ्लॅट एकोणिसाव्या मजल्यावर आहे. काचा उघडत नाहीत. प्रत्येक खोलीत हवा शुद्ध करणारं यंत्र घुरघुरत असतं, कारण दादाचं स्वतःचं नाक ऑक्टोबरपासून होळीपर्यंत सर्दीने बंद असतं. आई तिथे राहायला गेली की तिसऱ्या दिवसापासून तिचा आवाज बारीक होतो. पोटच्या मुलाच्या घरात ती फ्रिजपुढे उभी राहून विचारते, “पाणी घेऊ का गं?” ही तीच बाई, जिने आयुष्यभर आमच्या सगळ्या घराला धाकात ठेवलं. मला ते बघवत नाही. म्हणून मी भांडले, आणि नेहमीप्रमाणे दादाने मला ‘इमोशनल’ ठरवून गप्प केलं.

कान-नाक-घशाचा डॉक्टर भला माणूस निघाला. रोज सकाळ-संध्याकाळ एखादा तीव्र वास मन लावून घ्यायचा, म्हणाला. लिंबू, लवंग, काहीही चालेल. “आ जाएगी खुशबू, माताजी. या नहीं आएगी.” एवढं स्पष्ट बोलणारा डॉक्टर मी दिल्लीत दुसरा पाहिला नाही. त्यावर दादाने मुदत जाहीर केली. संक्रांतीपर्यंत वास परत आला तर ठीक, नाहीतर घराला कुलूप.

लिंबू आणि लवंग आईच्या स्वयंपाकघरात होतीच. पण दहा रुपयांच्या लिंबाने माणूस बरा होऊ लागला तर कोर्स कशासाठी करायचा? वहिनीने मोहीम हातात घेतली आणि चंदनाचं तेल गाझियाबादला आलं. ‘असली मैसूर’ असं ती म्हणाली. दिल्लीत सगळंच असली असतं, त्यामुळे मी वाद घातला नाही.

मुळात आईच्या घरात चंदन होतंच, फक्त बाटलीत नव्हतं. देवघरापुढे सहाण होती, म्हणजे गंध उगाळायचा गोल दगड, आणि त्यावर झिजून झिजून अंगठ्याएवढं उरलेलं चंदनाचं खोड. रोज सकाळी पाण्याचे चार थेंब टाकून आई उगाळायची. वास जाऊनही तिने ते थांबवलं नव्हतं. वहिनीला तिच्या दुखऱ्या मनगटाची दया आली.

“आई, कशाला उगाळता? हे दोन थेंब लावा देवाला. झालं.”

“तेल मारुतीला लावतात. माझा बाळकृष्ण आहे.”

वहिनी नगरची, ख्रिस्ती घरातली. तिच्या माहेरी सहाण कुठून असणार? तिने अगदी भाबडेपणाने विचारलं, “पण वास तोच ना?”

“नाही,” आई म्हणाली. वेगळा कसा, ते मात्र तिने सांगितलं नाही.

मग दर रविवारी परीक्षा सुरू झाली. वहिनी कागदाच्या पट्टीला थेंब लावायची, आईला डोळे मिटायला लावायची आणि लहान मुलाला विचारावं तसं विचारायची, “हं, आई, काय येतंय?”

“चंदन.”

वहिनीचे डोळे भरून यायचे. पुढच्या रविवारी पुन्हा पट्टी, पुन्हा “चंदन”, पुन्हा वहिनीचे डोळे. “ह्याचा बेस नोट फार खोल असतो, तो नाकात टिकतो,” असं ती मला समजावून सांगायची. टॉप नोट, हार्ट नोट, बेस नोट, म्हणजे वासाचा आधीचा, मधला आणि शेवटचा पदर. नोटा ऐकून माझं डोकं उठायचं. अखेर दादाच्या लक्षात आलं की पेपरात प्रश्न एकच आहे आणि तो आधीच फुटलेला आहे. इंजिनियर ना तो. त्याने दुसरी बाटली आणायला लावली. वहिनीने पेपरमिंट आणलं. पट्ट्या उलटसुलट केल्या, दोनदा एकच दिली, फसवून पाहिलं. आईने एकही उत्तर चुकवलं नाही. मला तर आनंदाने रडूच आलं. स्वयंपाकघरात तिच्या मागे जाऊन मी विचारलं, “खरंच येतो वास? आई?”

ती तीळ भाजत होती. “पेपरमिंट नाकात गार लागतं,” ती म्हणाली. “गार नाही लागलं की चंदन म्हणायचं.”

तीळ करपायला लागले होते आणि ती शांतपणे उलथणं फिरवत होती. मी गॅस बंद केला. तिने कढईकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“सांगशील त्याला?”

“नाही,” मी म्हणाले.

संक्रांत आली. आईचं हळदीकुंकू दर वर्षी असतं, बाबा गेल्यावरही लोकांची पर्वा न करता तिने ते चालू ठेवलं, आणि ह्या वर्षीही ते होणारच, असं तिने ठणकावून सांगितलं. आजूबाजूच्या सोसायट्यांतल्या आमच्या मराठी बायका येतात. कुणी बँकेतली, कुणी रेल्वेतली, कुणी माझ्यासारखी फायलींतली. समोरची पंजाबी काकू तर आता तिळगूळ देताना आमच्याहून शुद्ध मराठी बोलते. दादा आणि वहिनीही येणार होते. दादा अर्थातच निकाल लावायला येणार होता.

हळदीकुंकवाला आलेल्या बाईच्या हाताच्या पाठीवर अत्तर लावतात, तिच्यावर गुलाबपाणी शिंपडतात, मग तिळगूळ आणि वाण देतात. आईचं अत्तर संपलं होतं. वहिनी म्हणाली, मी चंदनाचं तेल बदामाच्या तेलात घालून आणते, अंगाला सोसेल असं. आणलंही. तपकिरी बाटली देवघराच्या फळीवर ठेवली. तिथे शेजारी आणखी एक तपकिरी बाटली होती, वहिनीनेच पावसाळ्यानंतर दिलेली. त्यात गवताच्या वासाचं, डास पळवायचं तेल होतं. दोन्ही बाटल्यांवर वहिनीच्या सुंदर अक्षरातल्या चिठ्ठ्या होत्या आणि त्या तेलाने पुसून गेल्या होत्या. शिवाय फोटो चांगले यावेत म्हणून आईने चष्मा काढून ठेवला होता. असा सगळा योग जुळून आला.

मी आत ओटीच्या ताटात हरभरे भरत होते. ताट घेऊन बाहेर आले आणि दारातच थबकले. सगळ्या खोलीत डासांच्या तेलाचा घमघमाट सुटला होता. पैठणी नेसलेली आई एकेकीचा हात हातात घेऊन, मोठ्या मायेने, डास पळवायचं तेल लावत होती. आणि आमच्या बायका! काय ते संस्कार! एकेकीने हात नाकाशी नेला, एक क्षण डोळे मोठे केले आणि हसून म्हणाली, “वा, वेगळंच आहे हो!” एकीने विचारलं, “इथे मिळतं की पुण्याहून आणलंत?” पंजाबी काकूने दोनदा हुंगून सांगितलं, “आंटीजी, बड़ी फ्रेश है.” एकीनेही सांगितलं नाही. आई खूश होती. कितीतरी दिवसांनी तिचा आवाज मोठा झाला होता.

दादा दारात उभा होता. नाकाला रुमाल, डोळे पाणावलेले, सर्दी ऐन भरात. आईच्या नाकाची परीक्षा घ्यायला आलेल्या परीक्षकाला त्या दिवशी कुजलेला मासाही ओळखता आला नसता. पण सगळ्याजणी हात हुंगून एकमेकींकडे बघतायत, एवढं त्याला दिसत होतं.

“काय चाललंय?” त्याने वहिनीला विचारलं. “चंदनच आहे ना ते?”

आईने नुकतंच वहिनीच्या हातालाही लावलं होतं. वहिनीने हात नाकाशी नेला. मी ताट घट्ट धरलं. जी बाई हॉटेलात वेटरला लिंबू सेंद्रिय आहे का विचारते, ती आता खरं बोलणार आणि आईचं घर जाणार, ह्यात मला काडीची शंका नव्हती. वहिनीने बाटलीकडे पाहिलं. मग आईकडे. आई अजून हसत होती.

“बिल्कुल,” वहिनी म्हणाली. “असली मैसूर.”

बायका गेल्या. दादाचं समाधान झालं होतं. निदान पाडव्यापर्यंत बघू, म्हणाला आणि गाडी काढायला खाली गेला. आम्ही तिघी उरलो. आईने चष्मा लावला, बाटली उचलली, डोळ्यांजवळ धरली आणि परत ठेवली.

“मी काय लावलं सगळ्यांना?” तिने विचारलं. मला नाही, वहिनीला.

“डासांचं.”

“सगळ्यांना?”

“सगळ्यांना. काकूंना तर दोनदा.”

आई हसायला लागली. आम्हीही हसलो. आई इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं, आणि बसल्यावर तिचं हसणं थांबलं. “सगळ्यांनी छान म्हटलं गं,” ती म्हणाली.

मी वहिनीकडे वळले. सासू घरात नको म्हणूनच ही खोटं बोलली, असं माझ्या मनात आलं होतं आणि ते बहुधा माझ्या चेहऱ्यावरही आलं असावं. “दादाला खरं का नाही सांगितलंस?”

“आमच्याकडे आल्या की आई पाणी घ्यायलासुद्धा विचारतात,” वहिनी म्हणाली. “मला बघवत नाही.”

मला वाटत होतं, ते फक्त मला दिसतं.

आई जमिनीकडे बघत बोलायला लागली. “इथे मला वास येत नाही, पण कुठे कसला असतो ते ठाऊक आहे. कपाटाशी डांबराच्या गोळ्यांचा. बाल्कनीत साबणाचा. ह्यांच्या खुर्चीच्या पाठीला खोबरेलाचा. तिथून गेले की आठवतो. तुमच्या घरी मला काय आठवणार? पण आता चंदनाचा विसरायला लागलेय. कसा असतो गं? सांग ना.”

हे तिने मला विचारलं होतं. लेक मी, त्या वासात वाढलेली. “चंदनासारखा,” मी म्हणाले. “आणखी कसा?”

खाली दादाने हॉर्न दिला. वहिनी पर्स घेऊन उभी होती. तिने पर्स खाली ठेवली आणि आईशेजारी सतरंजीवर मांडी घातली.

“आधी लाकूड,” ती म्हणाली. “नवी पेन्सिल तासल्यावर पहिला येतो ना, तसं. मग ते लाकूड हळूहळू मऊ होतं. तापवलेल्या दुधावर साय धरते, त्या सायीसारखं. आणि सगळं गेल्यावर मागे थोडं गोड राहतं. उन्हातून आणलेल्या रजईत तोंड खुपसल्यावर कसं वाटतं, तसं.”

टॉप, हार्ट आणि बेस, त्याच त्या नोटा. आईने डोळे मिटले होते. परीक्षेत मिटायची तसे नव्हे. हॉर्न पुन्हा वाजला, लांबच लांब, रागाला चंदनाचं तेल लावलेल्या माणसाचा. आम्ही कुणीच उठलो नाही.

पुढच्याच आठवड्यात वहिनीने आईच्या स्वयंपाकघरात गॅस गळला तर कर्कश ओरडणारं एक यंत्र बसवून घेतलं. साधी गोष्ट, पण आम्हा हुशार भावंडांना भांडणाच्या भरात सुचली नव्हती. दादा हल्ली सगळ्यांना सांगतो की ती कल्पना त्याची. आणि रोज सकाळी आई देवापुढे बसली की वहिनीचा फोन येतो. आई फोन स्पीकरवर टाकून फळीला टेकवते आणि उगाळायला लागते. तिकडून वहिनी, एकोणिसाव्या मजल्यावरून, बाटली उघडून एकेक वास सांगते. मी ह्या प्रकाराची पुरेशी थट्टा केलेली आहे. दोघींनीही माझ्याकडे लक्ष दिलं नाही.

होळीच्या सुट्टीला मी आईकडे राहायला गेले होते. सकाळी चहा घेऊन देवघराशी आले तर कार्यक्रम चालू होता. पेन्सिल झाली होती, साय झाली होती. आईचं बोट गंधाने माखलं होतं, ते नाकाशी धरून ती ऐकत होती.

“थांब,” ती एकदम म्हणाली. “तू एक सांगत नाहीस.”

“काय, आई?”

“ओल्या दगडाचा.”

“दगडाचा?” फोनमधून वहिनी हसली. “माझ्या बाटलीत दगड कुठून येणार?”

“तेच,” आई म्हणाली. “तुझ्या बाटलीत नाहीये तो.”

पलीकडे वहिनी रडायला लागली, मोठमोठ्याने, कोर्सबिर्स सगळं विसरून. आई तिला “अगं, पुरे, पुरे” म्हणत होती आणि बोट काही नाकापासून काढत नव्हती.

मी चहा खाली ठेवला, सहाण उचलली आणि नाकाशी नेली. होता. चंदनाच्या खाली, गार, ओल्या दगडाचा वास होता. त्या सहाणेशेजारी लहानाची मोठी झाले, आणि मला तो तोवर कधी आला नव्हता.